नव्या पेटीतले जुने हट्ट

पहिल्या रात्री माझ्या नव्या सिंथेसायझरमधून आवाजच आला नाही. वीज जोडलेली होती, दिवा लागलेला होता, स्पीकर सुरू होता, मी पट्ट्या दाबत होते आणि खोलीत शांतता होती. अर्धा तास केबली काढून पुन्हा लावण्यात गेला. मग लक्षात आले की हाय-पास फिल्टरचा कटऑफ, म्हणजे जिथून तो ध्वनी अडवू लागतो ती सीमा, मी शेवटपर्यंत उजवीकडे आणि लो-पास फिल्टरचा शेवटपर्यंत डावीकडे फिरवून ठेवला होता. पहिला फिल्टर खालचे सगळे अडवत होता आणि त्यातून वरचे जे काही निसटत होते ते दुसरा अडवत होता. यंत्र अगदी सांगितले तसेच वागत होते; सांगण्यात चूक माझी होती. संगणकावरच्या सिंथेसायझरवर अशी वेळ सहसा येत नाही, कारण तो उघडताच कोणीतरी आधी जुळवून ठेवलेला एखादा ध्वनी हजर असतो. इथे आधीचे असे काहीच नसते. नॉब ज्या जागी उभे आहेत तोच त्या क्षणीचा ध्वनी, आणि तो नीरवता असेल तर नीरवता.

हे यंत्र म्हणजे कॉर्गचा एमएस-२० मिनी. मूळ एमएस-२० हा १९७८ सालचा. दोन ऑसिलेटर (मूळ ध्वनी निर्माण करणारी विद्युतमंडले), दोन फिल्टर, एका वेळी एकच स्वर, आणि उजव्या अंगाला केबली खोचण्यासाठी छिद्रांचा एक मोठा फळा, असे त्याचे रूप. २०१३ साली कॉर्गने तो पुन्हा बाजारात आणला तेव्हा आकार मूळच्या ८६ टक्के केला, पण आतले ध्वनिमार्ग मूळ आराखड्याप्रमाणेच ठेवले, आणि त्या कामात मूळ यंत्र घडवणाऱ्या फुमिओ मिएदा यांचा सहभाग होता. पस्तीस वर्षांनी एखाद्या यंत्राची नक्कल होणे ही नवलाईची गोष्ट नाही. ज्या माणसाने ते पहिल्यांदा जुळवले त्यानेच दुसऱ्यांदाही त्यात लक्ष घालावे, हे मात्र क्वचित घडते. बाहेरून दिसत नसलेला एक मोठा फरक आतल्या पाटीवर आहे. मूळ यंत्रात पाय असलेले सुटे भाग भोके पाडलेल्या पाटीत बसवून खालून झाळलेले होते, तर नव्यात तांदळाच्या दाण्याहून लहान भाग पाटीच्या पृष्ठभागावरच चिकटवलेले आहेत. मंडल तेच आणि माल वेगळा.

मी या यंत्राकडे अनोळखी म्हणून आले नव्हते. कॉर्गने २००४ मध्येच एमएस-२०ची संगणकीय आवृत्ती काढली होती, २०१० मध्ये ती आयपॅडवरही आली, आणि तिच्यावर मी बरीच वर्षे काम केले आहे. कोणता नॉब कुठे आहे हे मला डोळे मिटून सांगता आले असते. त्यामुळे खरे यंत्र घेताना माझी अपेक्षा फारच साधी होती: तोच ध्वनी, जरा अधिक भरीव. दीड महिन्यानंतर सांगायचे तर भरीवपणाचा मुद्दा मी जवळजवळ विसरले आहे. फरक आहे, पण तो एवढा नाही की त्यासाठी टेबलावरची जागा अडवावी. जे परत आले आहे आणि ज्याच्याशी माझे रोज भांडण चालते, ते वेगळेच आहे. १९७८ साली काही निर्णय झाले. काही काटकसरीपोटी, काही त्या काळाच्या मर्यादेमुळे, काही निव्वळ कोणाच्या तरी मर्जीने. हे निर्णय यंत्राबरोबर जसेच्या तसे परत आले आहेत. त्यांना मी हट्ट म्हणते. त्यांतले काही मला मान्य झाले आहेत, काही नाहीत.

सुरुवात फिल्टरपासून करायला हवी, कारण एमएस-२०ची कीर्ती त्याच्यावर उभी आहे. त्या काळच्या बहुतेक सिंथेसायझरांमध्ये एक लो-पास फिल्टर असे आणि तोच ध्वनीला आकार देई. मिनिमूगच्या प्रसिद्ध शिडीसारख्या रचनेच्या फिल्टरचा उतार सप्तकाला २४ डेसिबल असतो, म्हणजे कटऑफच्या वर प्रत्येक सप्तकागणिक ध्वनी तेवढ्या वेगाने दबत जातो. एमएस-२०मध्ये एकामागोमाग एक असे दोन फिल्टर आहेत. ध्वनी आधी सप्तकाला ६ डेसिबल उताराच्या हाय-पासमधून जातो आणि नंतर १२ डेसिबल उताराच्या लो-पासमधून. आकडे वाचून हे दोन्ही फिल्टर मवाळ वाटतात, आणि त्यांचा पीक हा नॉब खाली ठेवला तर ते तसे आहेतही. पीक म्हणजे कटऑफच्या आसपासच्या वारंवारतांना मिळणारा उठाव. तो नॉब अर्ध्यापुढे गेला की मवाळपणा संपतो.

मूळ यंत्राच्या सुरुवातीच्या नगांमध्ये कॉर्ग-३५ नावाचा लहानसा संकरित घटक फिल्टरसाठी वापरला जाई. पुढच्या नगांमध्ये त्याची जागा दुसऱ्या प्रकारच्या चिपने घेतली आणि आवाज थोडा शांत झाला. मिनीमध्ये पहिला, म्हणजे अधिक उग्र, फिल्टर निवडला आहे. त्याच्या मंडलात बाहेर पडणारा ध्वनी काही अंशी पुन्हा आत वळवला जातो आणि त्या परतीच्या वाटेवर डायोड बसवलेले आहेत. परतणारा ध्वनी प्रमाणाबाहेर वाढू लागला की डायोड त्याची टोके छाटतात. छाटलेल्या ध्वनीत नवे खरखरीत उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, तयार होतात आणि ते पुन्हा त्याच चक्रात सापडतात. म्हणून हा फिल्टर मिनिमूगसारखा गुळगुळीत शीळ घालत नाही, तो किंचाळतो. पडद्यावर मी ही किंचाळी शेकडो वेळा ऐकली होती. खऱ्या यंत्रात मला जे नवे सापडले ते म्हणजे ऑसिलेटर आणि पीक यांच्यातली झटापट. ऑसिलेटरचा आवाज पूर्ण वाढवला की पीक दबून जातो आणि नुसती गुरगुर उरते. मिक्सरमध्ये ऑसिलेटर हळूहळू खाली आणला की एका ठिकाणी फिल्टरची शीळ डोके वर काढते, आणि त्या ठिकाणाच्या अलीकडे-पलीकडे अवघ्या केसभर अंतरात चार-पाच अगदी वेगळे ध्वनी लपलेले असतात. संगणकीय आवृत्तीतही ही झटापट असणार, कारण तिचे गणित त्याच मंडलावरून बांधलेले आहे. परंतु माउसने नॉब फिरवताना मी त्या केसभर जागेत कधी थांबलेच नव्हते. बोटांनी थांबले.

हाय-पास फिल्टरकडे मी इतकी वर्षे दुर्लक्ष केले होते, हेही इथेच कळले. त्याचा कटऑफ अगदी खाली ठेवून पीक वाढवला की खर्जाच्या स्वराला खालून टेकू मिळतो. जो फिल्टर खालचे काढून टाकण्यासाठी आहे तोच खालच्याला उचलून धरतो. आता डावा हात हाय-पासवर आणि उजवा लो-पासवर ठेवून दोन्ही एकमेकांकडे सरकवत नेणे हा माझा रोजचा पहिला रियाज झाला आहे. दोन टेकड्या जवळ येतात, मधली दरी अरुंद होते आणि आवाज एखाद्या नळीतून बोलल्यासारखा होत जातो. पट्ट्यांना हात लावायला उरतो कोणता, हा प्रश्न आहे खरा.

यंत्राचा दुसरा हट्ट स्मृतीचा, म्हणजे स्मृती नसण्याचा. एमएस-२० काहीही साठवत नाही. ही त्या काळाची सक्ती होती असे मी बरीच वर्षे समजत होते, पण तसे पूर्णपणे म्हणता येत नाही. त्याच १९७८ साली सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-५ आला. त्यात मायक्रोप्रोसेसर होता, पाच स्वर एकत्र वाजत आणि चाळीस ध्वनी साठवून ठेवता येत. त्या यंत्राचेही २०२० मध्ये पुनरागमन झाले आहे. म्हणजे स्मृती शक्य होती, फक्त ती महाग होती, आणि एमएस-२० हे थोडक्या पैशांत सिंथेसायझर हवा असणाऱ्यांसाठी बनवलेले यंत्र होते. काटकसरीचा हा निर्णय २०१३ मध्ये सहज बदलता आला असता. स्मृतीची एक चिप आज कवडीमोल आहे. पण ती घालायची तर प्रत्येक नॉबची जागा यंत्राला वाचता यायला हवी, वाचण्यासाठी प्रत्येक नॉब आणि ध्वनिमार्ग यांच्यामध्ये संगणक आणून बसवायला हवा, आणि मग नॉब थेट विद्युतमार्गात उरत नाही. शिवाय खोचलेल्या केबली कोण आठवणार? ही गोष्ट एक चिप वाढवण्याची नाही, संपूर्ण यंत्र नव्याने मांडण्याची आहे.

मी सुरुवातीला वहीने यावर मात करायचे ठरवले. संपूर्ण पॅनेलचा रिकामा नकाशा काढून त्याच्या प्रती केल्या, आवडलेला ध्वनी मिळाला की प्रत्येक नॉबची खूण घड्याळाच्या काट्याप्रमाणे करायची आणि केबली रंगीत पेन्सिलीने काढायच्या, असा शिरस्ता घातला. दहा-बारा पाने झाल्यावर एका जुन्या पानावरून तो ध्वनी पुन्हा उभा करायला बसले. सगळे काटे जुळवले आणि समोर आला त्या ध्वनीचा एखादा दूरचा चुलतभाऊ. पीकच्या नॉबवरची ती केसभर जागा कागदावर उतरत नाही. छायाचित्रांनीही काम भागले नाही, कारण केबलींच्या गुंत्यामागे अर्धे नॉब झाकले जातात. आता मी वही बंद केली आहे आणि आवडलेला ध्वनी सापडताक्षणी तो ध्वनिमुद्रित करते, अर्धवट असला तरी. त्यामुळे माझ्या संगणकात सध्या चाळीस-एक तुकडे आहेत, ज्यांतला एकही मला पुन्हा वाजवता येणार नाही. पूर्वी मी ध्वनी जपून ठेवत असे आणि मुद्रण पुढे ढकलत असे. साठवलेल्या ध्वनींच्या याद्या वाढत, काम होत नसे. या बाबतीत मी यंत्राच्या बाजूने आहे, जरी ज्या दिवशी कोणासाठी एखादी ओळ बदलून पुन्हा वाजवायची असते त्या दिवशी हे मत टिकत नाही.

फळ्याबद्दल थोडे. त्या छिद्रांमध्ये एकही केबल न खोचतादेखील यंत्र वाजते, कारण नेहमीच्या जोडण्या आतून केलेल्या आहेत, आणि फळ्यावर रेषांनी त्यांचा नकाशाही छापलेला आहे. केबल खोचली की त्या जागेची आतली जोडणी तुटते आणि तुमची लागू होते. एवढे समजले की उरलेले आपोआप उलगडत जाते, आणि शिकण्यासाठी याहून चांगला तक्ता मला दुसरा माहीत नाही. मात्र एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर नवा माणूस हमखास अडखळेल. पट्ट्यांच्या डावीकडे एक चाक आहे. ते पाहून कोणालाही वाटेल की ते फिरवले की स्वर वरखाली होईल. होत नाही. चाक कशालाच जोडलेले नाही. ते फक्त एक व्होल्टेज देते आणि ते कुठे न्यायचे हे तुम्ही केबलीने सांगायचे. त्याच्या शेजारच्या बटणाचेही तसेच. पहिल्या आठवड्यात मला हा शुद्ध आळस वाटला. नंतर मी ते चाक स्वराला एकदाच जोडले; बाकी वेळ ते हाय-पासच्या कटऑफवर किंवा मॉड्युलेशनच्या, म्हणजे ध्वनीत आपोआप होणाऱ्या हेलकाव्यांच्या, मात्रेवर असते. आयते जोडून दिले असते तर ते कायम स्वरावरच राहिले असते, हे मी स्वतःला ओळखून सांगते.

आता ज्या हट्टाला मी अजून माफ केलेले नाही तो. बहुतेक सिंथेसायझर स्वरासाठी सप्तकाला एक व्होल्ट हे माप वापरतात: एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर. कॉर्गने त्या काळी दुसरे माप धरले होते, ज्यात व्होल्टेज आणि वारंवारता सरळ प्रमाणात चालतात. एका व्होल्टला एक स्वर असेल तर त्याच्या वरच्या सप्तकासाठी दोन व्होल्ट, त्याच्या वरच्यासाठी चार, आणि त्याच्याही वरच्यासाठी आठ. याला कारण होते. सप्तकाला एक व्होल्ट हे माप वापरायचे तर ऑसिलेटरच्या तोंडाशी घातांकी रूपांतर करणारे मंडल लागते. ते तापमानाला फार हळवे असते, खोली तापली की सूर सरकतो, आणि त्याला आवरण्यासाठी अधिक भाग, म्हणजे अधिक खर्च लागतो. सरळ प्रमाण धरले की ती डोकेदुखी ऑसिलेटरपुरती टळते. ट्रिगरचेही तसेच उलटे: इतर यंत्रे स्वर सुरू करण्यासाठी व्होल्टेज वर नेतात, तर एमएस-२०ला ती तार शून्याला टेकवलेली हवी असते. २०१३ मध्ये हे दोन्ही संकेत जसेच्या तसे राखले गेले, आणि आजच्या बहुतांश उपकरणांशी त्यांचे जमत नाही.

माझ्याकडे एक लहान सीक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले स्वर ओळीने वाजवायला लावणारे उपकरण, आहे जो सप्तकाला एक व्होल्ट देतो. हे सगळे वाचून माहीत असूनही मी तो थेट जोडला, कारण बिघडेल तर नेमके कसे बिघडते हे पाहायचे होते. ट्रिगर उलटा लागला. स्वर जिथे उमटायला हवा तिथे थांबू लागला आणि जिथे विश्रांती हवी तिथे वाजू लागला. सुरांचे तर विचारू नये. खालच्या सप्तकात ओळ ताणली गेली होती आणि वर जाताजाता ती आकसत होती, चौथ्या-पाचव्या व्होल्टच्या दरम्यान सीक्वेन्सरचे संपूर्ण सप्तक एका गंधाराएवढ्या अंतरात कोंबले जात होते.

तेवढ्यात गंमत म्हणून मी सीक्वेन्सरला एकच स्वर पाच सलग सप्तकांमध्ये वाजवायला सांगितला, म्हणजे एक, दोन, तीन, चार, पाच व्होल्ट. यंत्राने वाजवले ते सप्तकांचे जिने नव्हते. एक व्होल्टला षड्ज, दोनला वरचा षड्ज, तीनला त्यावरचा पंचम, चारला पुन्हा षड्ज आणि पाचला गंधार. एक, दोन, तीन, चार, पाच पट वारंवारता, म्हणजे थेट उपस्वरांची माळ. तानपुऱ्याच्या खर्जातून कान लावल्यावर जो गंधार ऐकू येतो तोच हा, पियानोच्या गंधाराहून किंचित खाली आणि एकदम स्वच्छ. ज्याला विसंगती म्हणून मी शिव्या घालत होते तिच्या पोटात शुद्ध स्वरांची शिडी होती. माफ केलेले नाही, असे वर म्हटले आहे ते अजून खरेच आहे. सीक्वेन्सरवर साधी चाल वाजवायची असेल तर आजही मला मिडीची, म्हणजे वाद्यांना आकड्यांत स्वर कळवणाऱ्या भाषेची, केबल लावावी लागते. नव्या यंत्रात मिडी आहे, पाच पिनांचीही आणि यूएसबीचीही, आणि मूळ यंत्रात ती असणे शक्यच नव्हते, कारण मिडीचा जन्म १९८३चा. ती फक्त स्वर कळवते, नॉब हलवत नाही. मला यात गैर काही वाटत नाही.

परंतु ज्या भागामुळे हे यंत्र आता माझ्या टेबलावरून हलणार नाही, तो भाग मी विकत घेताना विचारातही घेतला नव्हता. फळ्याच्या खालच्या बाजूला बाहेरचा ध्वनी आत घेण्यासाठी एक वेगळा विभाग आहे. त्यात गिटार किंवा मायक्रोफोन जोडला की तो ध्वनी आधी मोठा केला जातो, मग खालून आणि वरून कापला जातो, आणि उरलेल्यातून तीन गोष्टी काढल्या जातात: स्वराच्या उंचीप्रमाणे एक व्होल्टेज, आवाजाच्या चढउताराप्रमाणे दुसरे, आणि आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की एक ट्रिगर. म्हणजे तत्त्वतः तुम्ही गायचे आणि सिंथेसायझरने तुमच्यामागून वाजायचे. संगणक नाही, गणित नाही; १९७८च्या मंडलाने लाटेची आवर्तने ओळखायची आणि त्यांच्या वेगाचे व्होल्टेज करायचे.

मी मायक्रोफोन लावला, स्वराचे व्होल्टेज दोन्ही ऑसिलेटरांना दिले, ट्रिगर एन्व्हलपला, म्हणजे स्वराचा चढउतार ठरवणाऱ्या भागाला, दिला, आणि आयुष्यभर शिकवले गेले तसा मोकळा आकार लावला. यंत्र बावचळले. स्वर क्षणात एक सप्तक वर उडी मारे, क्षणात खाली येई, मध्येच पंचमावर अडके. पातळी कमीजास्त करून पाहिली, मायक्रोफोन दूर नेला, काही फरक नाही. मग कंटाळून नुसते गुणगुणले, तोंड मिटून, आणि यंत्र एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखे माझ्यामागून चालू लागले. ‘ऊ’ म्हटले तरी चालले, ‘ई’ म्हटले तरीही. ‘आ’ म्हटले की पुन्हा उड्या.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. ‘आ’ उच्चारताना तोंड जेवढे उघडते त्यामुळे मूळ स्वराच्या वरचे दुसरे-तिसरे उपस्वर बळावतात आणि मूळ स्वर त्यांच्यापुढे फिका पडतो. आपल्या कानाला यामुळे काहीच फरक पडत नाही. आपण मूळ स्वर ओळखतोच. आवर्तने मोजणारे मंडल मात्र ज्याचा आवाज मोठा त्यालाच मूळ समजते. ‘ऊ’ आणि ‘ई’मध्ये मूळ स्वर ठळक असतो, म्हणून तिथे ते चुकत नाही. वरून कापणारा नॉब माझ्या गाण्याच्या पट्टीच्या थोडासाच वर आणून ठेवल्यावर ‘आ’सुद्धा बराचसा वठणीवर आला, मात्र केवळ पाच-सहा स्वरांपुरता. त्याहून वर गेले की मूळ स्वरच कापला जातो आणि खाली आले की उपस्वर आत शिरतात. ‘स’ किंवा ‘श’ने सुरू होणारा शब्द गायला तर सुरुवातीला सुराऐवजी एक फुत्कार येतो, कारण त्या व्यंजनांत आवर्तने मोजण्यासारखे काही नसतेच.

या सगळ्या खोड्या सांभाळून मी आता जे करते ते पट्ट्यांवर मला कधीच करता आले नव्हते. मींड. पट्टी पुढच्या पट्टीवर उडी मारते, आणि पोर्टामेंटोचा, म्हणजे स्वर घसरवण्याचा, नॉब फिरवला तरी ती घसरण प्रत्येक वेळी एकाच ठरलेल्या वळणाची असते. आवाजातली मींड मध्येच रेंगाळते, कोमल गंधारावर जरा झुलते, उतरताना वेग बदलते, आणि मागून चालणारे व्होल्टेज ते सगळे घेते. वर दोन सॉ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या, लाटा, त्यांच्यावर तो किंचाळणारा फिल्टर, कटऑफला माझ्याच आवाजाच्या चढउताराचे व्होल्टेज. श्वास कमी पडला की फिल्टर मिटत जातो. माझा आवाज फारसा चांगला नाही, पण इथे तो ऐकू येतच नाही, केवळ त्याची चाल येते, आणि चाल तेवढी वाईट नाही असे माझ्या ध्यानात आले आहे. संगणकात स्वर ओळखणारी साधने यापेक्षा कितीतरी बिनचूक आहेत. ती ‘आ’ला फसत नाहीत. मी ती वापरून पाहिली, सगळे बरोबर आले आणि मी ती बंद केली. का, याचे सयुक्तिक उत्तर माझ्याकडे नाही. एवढे मात्र खरे की चुकणाऱ्या साथीदाराबरोबर गाताना मी स्वर अधिक नीट लावते.

उरलेल्या काही बारीक गोष्टी. पट्ट्या ३७ आहेत आणि नेहमीपेक्षा अरुंद आहेत. दाबण्याच्या जोराचा त्यांना पत्ता नसतो. मूळ यंत्रात पूर्ण आकाराच्या पट्ट्या होत्या, आणि ज्यांना तो आकार हवा त्यांच्यासाठी कॉर्गने पुढे २०१४ आणि २०२० मध्ये पूर्ण आकाराच्या आवृत्त्याही काढल्या. मला अरुंद पट्ट्यांची सवय आठवड्यात झाली. जाड केबलींच्या जागी बारीक केबली आल्या, हा बदल मला सोयीचा वाटतो, कारण आजची इतर लहान उपकरणेही त्याच जाडीच्या केबली वापरतात. चालू केल्यावर सूर स्थिर व्हायला थोडा वेळ जातो, तेवढ्यात मी दोन ऑसिलेटर एकमेकांत लावत बसते. २२० आणि २२१ हर्ट्झवर दोघे असले की सेकंदाला एक संथ हेलकावा येतो, आणि तो पूर्ण थांबवावा की तसाच ठेवावा यावर माझा निर्णय रोज बदलतो.

ऑनलाइन खरेदीच्या यादीत उलट्या ट्रिगरचा आणि व्होल्टेज रूपांतराचा एक लहानसा डबा गेले तीन आठवडे पडून आहे. तो घेतला की सीक्वेन्सर सरळ वाजेल. त्या पाच व्होल्टच्या शिडीवर मात्र मी काल रात्री वरच्या सप्तकात गुणगुणत होते, आणि फळ्यावरच्या केबली अजून तशाच खोचलेल्या आहेत, म्हणून डबा आजही मागवलेला नाही.